करून बघितलंत?

कोपरच्या या सोसायटीत आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बेल वाजली. दारात सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ उभे होते. खाकी हाफ पँट, बाह्यांचा बनियन, गळ्यात शिंप्यासारखी टेप. नाव नाही, गाव नाही, त्यांनी सरळ विचारलं, "तुमचं वजन किती?"

मला वाटलं, लिफ्टचं काहीतरी असेल. म्हटलं, "अठ्ठ्याहत्तर."

"वा! उत्तम!" माझ्या वजनाचा आनंद झालेला हा मी पाहिलेला पहिला माणूस. "मग पाच मिनिटं जरा मरता का?"

हे टिपणीसकाका. तळमजल्यावर एकटे राहतात, लग्न केलं नाही. त्या दिवशी त्यांच्या हातात एक कोरी करकरीत रहस्यकादंबरी होती. तिच्यातली नाजूक नायिका नवऱ्याला विष घालते आणि त्याचं प्रेत स्वयंपाकघरातून गच्चीवरच्या टाकीपर्यंत एकटीच ओढत नेते, तेही शेजाऱ्यांना चाहूल लागू न देता. काकांना हे पटेना. प्रेताच्या वजनाचा माणूस तर मिळाला. आता त्यांनी माझ्या बायकोकडे, अनघाकडे पाहिलं. "ताई, तुम्ही नायिकेच्या अंगलटीच्या आहात."

अनघा एवढ्यावर विरघळली. मला सतरंजीत गुंडाळण्यात आलं. सामानाची खोकी अजून उघडलेली नव्हती, पण सतरंजी बरोबर सापडली. अनघाने मला चपलांच्या रॅकपर्यंत झपाट्याने ओढलं, मला वाटतं जरा जास्तच उत्साहाने. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर माझं डोकं असं आपटलं की मी बोंबललो. समोरचं दार उघडलं, वरून कोणीतरी डोकावलं.

"प्रेत ओरडत नाही हो," काका म्हणाले.

"हे मेल्यावरही ओरडतील," अनघा म्हणाली.

काकांनी जिन्याच्या पायरीची उंची मोजली, मान हलवली आणि निघून गेले. शनिवारी स्टेशनजवळच्या वाचनालयाच्या फळ्यावर काकांनी लिहिलेलं त्या कादंबरीचं परीक्षण लागलं. शेवटी लाल शाईत शेरा होता: 'लेखकाने स्वतः करून दाखवावं.'

काका डोंबिवलीतल्या एका केमिकल कंपनीत सुरक्षा अधिकारी होते. कुठे काही अपघात झाला की कारण शोधायला यांना पाठवायचे. कामगार एक सांगायचा, सुपरवायझर दुसरं, मॅनेजर तिसरंच. काका कोणाचंच ऐकत नसत. शिडी कुठे होती? लावा. तू कुठे होतास? उभा राहा. आता घसर बघू. "माणूस सांगतो ते वेगळं, घडतं ते वेगळं," असं ते म्हणतात. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. जित्याची खोड!

त्यामुळे त्यांच्यासमोर कुठलंही विधान करण्याची सोय नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, टाकी दोन तासांत भरते. काकांनी विचारलं, "करून बघितलंत?" आणि दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन टाकीपाशी जाऊन बसले. आमच्याकडे एकदा माझा मित्र जेवायला आला होता. भरल्या पोटी त्याला प्रेम आलं आणि तो म्हणाला, बायकोशिवाय मी एक दिवस राहू शकत नाही. काका पापड मोडता मोडता म्हणाले, "करून बघितलंत?" मित्राची बायको त्याच आठवड्यात माहेरी गेली. तो मजेत राहिला, पण काकांना तसं कळवू नकोस अशी त्याने मला तंबी दिली.

आता असा माणूस कादंबऱ्यांच्या वाटेला कसा गेला? त्याचं कारण सुलभाताई रेगे. कोपर स्टेशनपासून जवळच, एका पोळीभाजी केंद्राच्या वरच्या मजल्यावर त्यांचं वाचनालय आहे. तिथलं प्रत्येक पुस्तक उघडलं की आधी फोडणीचा वास येतो. यजमानांनी सुरू केलेलं वाचनालय त्यांच्या माघारी सुलभाताईंनी एकटीने चालवलं. निवृत्त झाल्यावर काका एकदा तिथे गेले. पुस्तकासाठी नव्हे, तर जिन्यावर लोंबणारी वायर दिसली म्हणून. वायर दाखवली, मग कपाटं कशी डुगडुगतात ते दाखवलं, मग खिडकी कशी उघडत नाही ते दाखवलं. सुलभाताई ऐकून ऐकून दमल्या. त्यांनी नुकतीच आलेली एक थरारकादंबरी त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "टिपणीस, चुका काढायची एवढी हौस आहे ना, मग या घ्या. माझ्या वाचनालयाला सोडा."

काका पुढच्या शनिवारी चुका घेऊन हजर झाले. तेव्हापासून दर महिन्याला ज्या नव्या रहस्यकादंबऱ्या, थरारकथा आणि ऐतिहासिक प्रेमकहाण्या येतात, त्या आधी काकांकडे जातात. परीक्षण फळ्यावर लागतं, सुलभाताई त्याचा फोटो काढून वाचनालयाच्या ग्रुपवर टाकतात. शेरे तीनच: 'घडण्याजोगी', 'घडणं कठीण' आणि 'लेखकाने स्वतः करून दाखवावं'. गंमत म्हणजे तिसरा शेरा मिळाला की त्या पुस्तकावर उड्या पडतात. 'घडण्याजोगी' म्हटलेली पुस्तकं बिचारी कपाटात बसून राहतात. घडण्याजोगं सगळ्यांच्या घरी घडतच असतं, ते वाचायला वर्गणी कोण भरेल?

शेजारधर्म म्हणून काकांच्या सगळ्या प्रयोगांत मी असतो. एकदा एका थरारकथेतला गुप्तहेर माजिवड्याच्या नाक्यावरून रिक्षाने तस्कराचा पाठलाग करतो आणि ठाण्याच्या कोर्टापाशी त्याला गाठतो. काका तस्कर झाले आणि पुढच्या रिक्षात बसले. मी गुप्तहेर, मागच्या रिक्षात. "पुढच्या रिक्षाचा पाठलाग करा," मी म्हटलं. हे वाक्य आयुष्यात एकदा तरी म्हणायची माझी इच्छा होती.

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "पुढं कोण बसलंय, साहेब? लफडं नाय ना काय?"

"नाही हो, ते माझे शेजारी आहेत."

"मग एकाच रिक्षात बसायचं ना! खाली फुकट दोन-दोन मीटर कशाला?"

तरी निघाला. सिग्नलला पुढची रिक्षा सुटली, आमची अडकली. मी म्हटलं, आता काय? तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ," आणि फोन कानाला लावला. "ए पक्या, साईडला घे जरा. माझी सवारी तुझ्या सवारीचा पाठलाग करून राहिली." पक्याने रिक्षा बाजूला घेतली. आम्ही पोहोचलो तेव्हा तस्कर खाली उतरून वाट बघत होता. काकांनी परीक्षणात लिहिलं, 'दोन्ही चालक एकाच स्टँडचे असल्याने पाठलाग होऊ शकला नाही. लेखकाने ही शक्यता विचारात घेतलेली नाही.'

ऐतिहासिक प्रेमकहाण्यांत तर त्यांचा फारच छळ होतो. एका कादंबरीत घोड्यावर बसलेल्या सरदाराला तटावर उभ्या नायिकेच्या डोळ्यांतलं पाणी दिसतं. काकांनी अनघाला समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कांदा चिरायला बसवलं आणि स्वतः आमच्या गच्चीवरून डोळे ताणून पाहत राहिले. पाणी दिसलं नाही. कांदा चिरून झाला, त्याची भजी मात्र झाली.

भजी खाताना मी विचारलं, "काका, तटाची उंची, घोड्याचा वेग, सगळं तपासलंत. पण त्या दोघांचं प्रेम? एका नजरेत तिने जन्म ओवाळून टाकला, हे घडतं का?"

"ते माझ्या खात्यात येत नाही," काका म्हणाले आणि चटणी मागितली.

खरं सांगायचं तर मला कुतूहल होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. या माणसाला कादंबऱ्या आवडत नाहीत! वाचताना त्यांचा चेहरा काढा प्यायल्यासारखा होतो. खून झाला की ते उसासा टाकतात, चुंबन आलं की चष्मा पुसतात. एकही पुस्तक त्यांनी कधी 'छान आहे' म्हटलेलं मी ऐकलं नाही. मग इतकी वर्षं, एकही शनिवार न चुकवता, हा काढा का घ्यायचा? अनघाचं म्हणणं, ते कुणाचा तरी खून करणार आहेत आणि बिनचूक पद्धत शोधतायत. मला वाटायचं, ते स्वतः एक कादंबरी लिहीत असावेत. मी एकदा सरळ विचारलं, "आवडत नाहीत तर वाचता कशाला?"

"नवीन येतात ना," ते म्हणाले. याला काही उत्तर म्हणतात का?

आणखी एक गोष्ट. एरवी हाफ पँटमध्ये वावरणारा हा माणूस शनिवारी संध्याकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतो, केसांना तेल लावून भांग पाडतो आणि परीक्षणाचा कागद घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्यात घालून वाचनालयात नेतो. मी म्हटलं, काका, मी टाइप करून ग्रुपवर टाकतो, तुमची खेप वाचेल. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मीच ओशाळलो. "बाईंनी हातात घेऊन वाचायला हवं," ते म्हणाले. "कुठे अक्षर लागलं नाही तर विचारता येतं." काकांचं अक्षर छापल्यासारखं आहे. ते कुणाला लागलं नाही असं कधी घडलेलं नाही.

आणि यंदा एक अघटित घडलं. सुलभाताईंनी स्वतःच कादंबरी लिहिली.

जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं दिली-घेतली आणि आता एक स्वतःचं काढलं. नाव 'वखारीवरचा दिवा'. कल्याण हे गलबतांचं बंदर होतं त्या काळातली गोष्ट. नायिका काशी. तिचा नवरा गलबत घेऊन गेला तो परत आलाच नाही, तेव्हापासून बंदरावरची त्याची वखार ती एकटी चालवते. जकातीच्या चौकीवर एक कारकून असतो. तो रोज संध्याकाळी वखारीच्या दारात येतो आणि उद्या भरती कधी आहे ते सांगून जातो. वखारीची खिडकी खाडीवर उघडते, तिला भरती-ओहोटी डोळ्यांनी दिसत असते. तरी तो येतो, सांगतो, जातो. केस पांढरे होईपर्यंत हेच. बाकी मग लढाई आहे, वादळ आहे, वेढा आहे.

ही कादंबरी मात्र आधी काकांकडे न जाता आम्हा वाचकांकडे आली. मला ती आवडली. अनघा तर रडली, कांद्याशिवाय. पण ग्रुपवर लोकांनी कारकुनाला सोलून काढलं. एकाने लिहिलं, हा मुका आहे की मूर्ख? एक बाई म्हणाल्या, 'ताई, राग मानू नका, पण असा पुरुष कुठे असतो का? आमच्याकडे तर एक दिवस भाजी आणून दिली तर आठवडाभर ऐकवतात.' त्यावर हसण्याच्या बाहुल्यांचा पाऊस पडला.

त्या शनिवारी मी पुस्तक बदलायला गेलो, तेव्हा काकाही तिथेच होते. सुलभाताईंनी आपल्या कादंबरीची प्रत काउंटरवर त्यांच्यापुढे ठेवली. एरवी त्यांचा आवाज खणखणीत असतो, त्या दिवशी नव्हता.

"टिपणीस, मला सूट द्यायची नाही. इतरांना लावता तोच नियम लावा. लोक काय, हसतात आणि विसरतात. पण तुम्ही 'करून दाखवावं' म्हणालात, तर मी समजेन की आपलं हे काम नव्हे. दुसरी लिहायला घेतली आहे, ती तिथेच थांबवेन."

"बरं," म्हणून काकांनी पुस्तक पुठ्ठ्यात घातलं. परतताना मी त्यांना म्हटलं, "काका, जरा सांभाळून घ्या हो. त्यांच्या जिवाला लागेल."

"घडतं की नाही, एवढंच मला बघायचंय," ते म्हणाले. मला त्यांचा मनापासून राग आला.

मग प्रयोग सुरू झाले आणि सुलभाताईंचं नशीब फिरलं. कादंबरीत काशी ओहोटीच्या वेळी होडीने निसटते. आम्ही खाडीवर गेलो. काठावर एक म्हातारी कोळीण जाळं सोडवत बसली होती. काकांनी तिला विचारलं, ओहोटीला इथून होडी निघेल का?

"सुकतीला?" म्हातारी हसायलाच लागली. "होरी चिखलान बसंल ना! भरती येई तवर बसून ऱ्हाशील तितंच."

"पण कादंबरीत निघते," मी सुलभाताईंची बाजू घेतली.

"मंग कादंबरीत बसून जा," म्हातारी म्हणाली.

काकांचं तेवढ्याने समाधान झालं नाही. त्यांनी चिखलात पाय घालून पाहिला. पाय परत आला, चप्पल आली नाही. नंतर वादळात दूरवरून दिसणारा वखारीवरचा दिवा. काकांनी गच्चीच्या कठड्यावर तेलाची पणती लावली आणि मला खाडीकडे धाडलं. फोनवर सारखं सुरू, "दिसतोय?" "नाही." "आता?" "आता विझला." वादळ लांबच राहिलं, साध्या वाऱ्यात पणती टिकेना. शेवटी मला एक ठिपका दिसला, मी आनंदाने ओरडलो. तो बिर्याणीच्या दुकानाचा दिवा निघाला. होडी गेली, दिवा गेला, कारकुनाच्या जखमेवर लावलेल्या पाल्याने खाज सुटते असं आमच्या माळ्याने बघून सांगितलं. तिसरा शेरा आता कुणीही टाळू शकत नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम वाचनालयात जाऊन बसलो. अनघालाही नेलं. म्हटलं, सुलभाताईंना धीर द्यायला कोणीतरी हवं.

काका आले. इस्त्रीचा शर्ट, भांग, नवी चप्पल. पुठ्ठ्यातून कागद काढून त्यांनी तो सुलभाताईंच्या हातात दिला आणि नेहमीसारखे काउंटरच्या अलीकडे उभे राहिले. सुलभाताईंना पुटपुटत वाचायची सवय आहे, त्यामुळे आम्हालाही ऐकू येत होतं. ओहोटीला होडी निघत नाही, चप्पल गमावून खात्री केली. दिवा दिसत नाही. पाला घातक आहे. एकेका वाक्याला सुलभाताईंचा चेहरा उतरत होता. मी काकांकडे रागाने पाहिलं, पण ते फळ्याकडे बघत होते.

"'राहता राहिला कारकून,'" सुलभाताई वाचत होत्या. "'माणूस इतकी वर्षं काहीतरी निमित्त काढून येईल आणि मनातलं न बोलता परत जाईल, हे अशक्य आहे असं वाचकांचं म्हणणं आहे. ते चुकीचं आहे. असं घडतं.'"

इथे त्या थांबल्या. पुढचं एकच वाक्य होतं. ते त्यांनी इतक्या हळू वाचलं की माझ्या शेजारी बसलेल्या अनघालाही ऐकू आलं नाही. मला आलं, कारण मी कान टवकारून बसलो होतो.

"'करून बघितलं आहे.'"

खाली लाल शाईत शेरा होता: 'घडण्याजोगी.'

एवढी वर्षं ज्याचा छडा लागत नव्हता ते मला एकदम कळलं. शर्ट, भांग, पुठ्ठा, न आवडणाऱ्या इतक्या कादंबऱ्या, सगळं. तिला खिडकीतून दिसणारी भरती रोज सांगायला जाणारा कारकून, आणि कुणालाच नको असलेल्या चुका दर शनिवारी पोहोचवणारे आमचे काका. सुलभाताईंनी तो कारकून कुठून उचलला होता हेही मला कळलं. मी या माणसासाठी प्रेत झालो, तस्कर म्हणून त्याचा पाठलाग केला आणि एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही.

सुलभाताईंनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. पोळीभाजी केंद्रातून फोडणीचा ठसका वर आला, डोळे पुसायला तेवढं कारण पुरलं.

"दुरुस्ती काही?" काकांनी विचारलं. दर शनिवारी ते हे विचारतात.

"नाही," सुलभाताई म्हणाल्या. "आहे तसंच बरोबर आहे." त्यांनी कागदाचा फोटो काढला नाही. फळ्यावर त्या आठवड्यात फक्त शेरा लागला, परीक्षण ग्रुपवर आलंच नाही.

काकांनी पुढची नवी रहस्यकादंबरी उचलली, पुठ्ठ्यात सरकवली आणि वळले. ते दारापर्यंत पोहोचले तेव्हा मागून सुलभाताईंनी विचारलं, "टिपणीस, उद्याची भरती कधी आहे हो?"

काका थांबले. प्रयोगांसाठी त्यांनी महिन्याभराच्या वेळा पाठ केल्या होत्या. "दुपारी. दीडच्या सुमारास."

"आणि परवाची?"

तीही त्यांना पाठ होती, हे मी पैजेवर सांगतो. पण ते बराच वेळ पुठ्ठ्याच्या कडा चाचपत उभे राहिले.

"परवाची," काका म्हणाले, "उद्या येऊन सांगतो."

उद्या रविवार होता, रविवारी वाचनालय बंद असतं. मी तसं म्हणणारच होतो, तेवढ्यात अनघाने मला असा चिमटा काढला की माझं प्रेत असतं तरी ओरडलं असतं. मी ओरडलो नाही.

"या," सुलभाताई म्हणाल्या. "दार नुसतं लोटलेलं असेल."